आत्याचं साठवलेलं पाणी

आत्या, तुझं पाणी त्यांनी ओतलं.

तुला दवाखान्यातून परत आणून पुढच्या खोलीत निजवलं त्याला अर्धा तासही झाला नसेल. आई तुझ्या उशाशी बसली होती. बाबा ओट्यावर भिंतीला टेकून होते, कोणी काही विचारलं तरी त्यांना ऐकू जात नव्हतं. आणि काकू मागच्या पडवीत एकेक भांडं पालथं करत होती. हंडा, कळशी, माठ. मयत झालेल्या घरात साठवलेलं पाणी ठेवत नाहीत हे मलाही माहीत आहे. आजोबा गेले तेव्हा तूच सगळं ओतलं होतंस आणि मी तुझ्या मागे मागे फिरत होते. पण माठ झाल्यावर काकू तुझ्या दोन निळ्या पिंपांकडे वळली.

त्या पिंपांत दोन दिवसांचं पाणी होतं. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून झाकण न लावता नुसतं फडकं बांधून ठेवलेलं. तुझ्या माशांचं पाणी. काकूनं पिंप तिरकं केलं आणि ते पाणी मोरीतून परसात, परसातून गटारात गेलं. मी दारात उभी होते. माझ्या हातात तुला नेसवायची साडी होती. "काकू, ते राहू दे" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले नाही. दुसरं पिंपही गेलं.

मी हे रागात लिहिते आहे. आधी वाटलं होतं, माणूस गेल्यावर चांगलं काहीतरी लिहावं. चार वेळा सुरुवात केली. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ असे शब्द लिहिले आणि खोडले. ते शब्द कोणालाही लागू पडतात, आणि तू ते ऐकत बसली नसतीस. तू पहिलं विचारलं असतंस, "आनि टबातला?"

टबातल्याचं सांगते.

काकू टबापाशी आली तेव्हा तिला जाळीखाली मासा दिसला आणि ती थांबली. ती दुष्ट नाही आत्या, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर राग कुठे ठेवावा ते कळेना. "अगं बाय, हा जिता हाय," म्हणाली. ओंजळीत धरून तिनं त्याला पातेल्यात सोडलं, पातेलं नळाखाली धरलं आणि थंडगार ताजं पाणी भरलं. "घे, चांगल्या पान्यात ठेवलाय," असं मला दाखवलं आणि तुझं मिठाचं पाणी, चौथ्या दिवसाचं, ओतून टाकलं.

पातेल्यातला मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला. तेव्हा कुठे माझे पाय हलले. साडी आईच्या मांडीवर ठेवली आणि पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीतून मगानं पाणी काढायला लागले. टाकी तुझ्या उशाकडेच होती. प्रत्येक मग तुझ्या डोक्यावरून न्यावा लागत होता. टब अर्धा झाला, मासा त्यात सोडला. खडेमिठाची बरणी घेतली. एका बादलीला तुझी एक मूठ. माझी मूठ लहान, म्हणून मी दीड घातली, आधी मगात विरघळवून, मग थोडी थोडी सोडत. बाहेर बांबू आले होते. ओट्यावरचं कोणीतरी म्हणालं, "मयत घरात हाय आनि पोरगी माशाला आंघोळ घालते." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, म्हणाला, तिला धक्का बसलाय. मला धक्का बसला नव्हता. मी मोजत होते. पाणी मोडलं की उपचार पहिल्यापासून, हा तुझा नियम. म्हणजे ज्या दिवशी तू गेलीस तो त्या माशाचा परत पहिला दिवस.

मासा समोरच्या वैशाली वहिनीचा. ती त्याला पाण्याच्या पिशवीत घालून घेऊन आली होती. लाल, करंगळीएवढा, आणि अंगभर कोणी बारीक रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. दुकानदार म्हणतो हा टाका, दुसरा घ्या, असं ती सांगत होती. तू पिशवी उजेडात धरून बघितलीस. "दुसरा कशाला? ह्याला काय झालंय? दहा दिस दे मला." वहिनीला दहा दिवस फार वाटले. तुझ्याकडे मासा आणणाऱ्या सगळ्यांनाच वाटायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मासा स्वच्छ दिसत होता. एकही ठिपका नाही. रोजचं पाव टब पाणी बदलायला बादल्या मी उचलत होते, माझी परीक्षा तोंडावर होती. मी म्हणाले, "गेले ठिपके, देऊन टाक आता." तू सलाईनच्या जुन्या नळीनं टबाच्या तळातली घाण ओढून काढत होतीस. "वरचे गेले," तू म्हणालीस. "खाली पडलेत ते. तळाला बसतात, एकाचे शंभर व्हतात आनि परत चढतात. आत्ता मीठ काडलं तर आठवड्यात परत पांडरा."

हे बरोबर होतं. आमच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात हेच आहे, आकृतीसकट. माशाच्या अंगावर असताना त्या जंतूला औषध लागत नाही, तो सुटून खाली पडतो आणि पुन्हा पाण्यात येतो तेव्हाच लागतं. मी ते वाचलेलं होतं. तू आकृती न बघता तेच सांगत होतीस. आणि तरी मी, दमलेली, परीक्षेची भीती डोक्यात असलेली मी, म्हणाले, "तुला कोणी डॉक्टर केलंय?"

तू मान वर केली नाहीस. नळी चिमटीत धरून म्हणालीस, "मला कोन करनार? तू हो."

मी पाय आपटत आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता तू खाली बसलीस आणि उठली नाहीस. डॉक्टर हृदय म्हणाले. आपलं बोलणं तिथंच अडकलेलं आहे.

माणसं भेटायला आली आणि प्रत्येकानं तुझ्या माशांचं कारण सांगितलं. मूल नव्हतं ना, म्हणून माशांवर जीव लावला बिचारीनं. तीनजणींनी हे आईला माझ्यासमोर सांगितलं. कर्जतकडच्या सासरहून तू परत आलीस ती गोष्टही मग ओघानं निघाली. मला इतकी चीड येत होती की मी चहाच्या कपबशा उचलायच्या निमित्तानं आत जाऊन उभी राहायचे. घरात कुत्रा पाळणाऱ्या माणसाला कोणी असं विचारत नाही. तुला मासे आवडायचे म्हणून मासे होते. आणि तू काही माशांची भक्तही नव्हतीस. पावसाळ्यात ओढ्याला चढणीचे मासे आले की कालवणाचा पहिला वाडगा तुझा. बाबा तुला चिडवायचे, "एक कढईत, एक दवाखान्यात." तू म्हणायचीस, "जो आजारी नाय तो कढईत."

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या कारखान्याच्या ऑफिसातले एकजण आले. चांगले बसले, पाणी प्यायले, म्हणाले मंदाबाईंनी ऑफिस आरशासारखं ठेवलं होतं. झाडूपोछ्याच्या इतक्या वर्षांवर हे एक वाक्य. निघताना चपला घालता घालता हळूच विचारलं, रिसेप्शनमधल्या टाकीतला मोठा मासा पोट वर करून तरंगतोय, त्या काय द्यायच्या ते घरात कोणाला माहीत आहे का? म्हणजे यांना माहीत होतं. इतकी वर्षं त्यांच्या टाकीची डॉक्टर तूच होतीस हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरी तोंडून फक्त आरसा निघाला.

मला सांगायचं नव्हतं. पण मासा काय करणार? मी म्हणाले, दोन दिवस खायला घालू नका. मग उकडलेला वाटाणा साल काढून, चुरून द्या. तो फुगलाय, मेला नाहीये. ते "थँक्यू बेटा" म्हणून गेले. तुझं नाव घेतलं नाही.

त्याच ऑफिसातून तू पहिले मासे आणलेस तेव्हा मी तिसरीत होते. टाकीतल्या माशांवर ठिपके आले, साहेबांनी संडासात ओतायला सांगितले आणि तू ते जेवणाच्या डब्यात घालून घरी घेऊन आलीस. साजगावच्या रस्त्यानं डबा छातीशी धरून, चालत, कारण रिक्षात हिंदकळतो. घरी आल्यावर काय करायचं ते तुलाही माहीत नव्हतं. तुला एवढंच आठवलं की लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून पायाला चिखल्या व्हायच्या तेव्हा तुझी आई तुमचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायची. तू म्हणालीस, हा तर सगळाच पाण्यात हाय, मंग सगळ्यालाच मीठ. आणि तीनही मासे बरे झाले.

पुढे त्यातला एक गेला तो ठिपक्यांनी नाही. तो तुझ्या हातून गेला, आणि हे तू कधी लपवलं नाहीस. मासे बरे झाल्याच्या आनंदात तू टाकी रिकामी केलीस, काचा, खडे, स्पंज सगळं भांड्यांच्या पावडरीनं घासलंस, आठ वेळा धुतलंस, नळाचं स्वच्छ पाणी भरलंस. दुसऱ्या दिवशी तो वर तरंगत होता. "माजी सफाईच नडली त्याला," तू म्हणायचीस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फरशा पुसून ज्याची शाबासकी मिळवली तेच इथे चुकीचं निघालं, हे पचवायला तुला वेळ लागला असणार. त्यानंतर शिळफाट्याच्या माशांच्या दुकानात तू बराच वेळ उभी राहायला लागलीस. गिऱ्हाइकांना तो काय सांगतो ते ऐकायचीस. निळं औषध आणलंस, त्याच्या बाटलीवर इंग्रजी बारीक अक्षरं. ती वाचायला मी. पाचवीतली मी "ड्रॉप्स पर लिटर" वाचायचे, आणि तू म्हणायचीस, "परत वाच, चुकलीस तर जीव जाईल." माझं इंग्रजी तिथून सुरू झालं, शाळेतून नाही.

तू एकही अक्षर शिकली नाहीस आणि मी कॉलेजात गेले. आपल्या घरातली पहिली. तुला त्याचा अभिमान होता आणि मला त्याची गुर्मी. मुठीवरून आपलं भांडण आठवतं? मी म्हणाले, मूठ हे काही माप नाही, ग्रॅम पाहिजेत. तू म्हणालीस, मोज मग. मी तुझी मूठ वाण्याच्या काट्यावर तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा पस्तीस ग्रॅमच्या आसपास. मी पुडी बांधून घरी आणली.  रात्री जेवताना तू आईला म्हणालीस, "वहिनी, आज मला वान्यानं तोललं."

आता ते सांगते, जे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प होता. मी विषय घेतला, घरच्या टाकीतल्या माशांचे साधे आजार आणि त्यांवरचे उपचार. सगळा तुझाच. पांढरे ठिपके, कुजलेले पर, फुगून उलटं होणं, अंगावर कापसासारखी बुरशी. तू सांगत गेलीस, मी लिहीत गेले. बुरशीला निळं औषध वेगळ्या टबात, टाकीत नाही. पर कुजले तर औषधाआधी पाणी बघ, रोग माशात नसतो, पाण्यात असतो. नवीन मासा आणला की आधी पंधरा दिवस वेगळा. शेवटच्या पानावर माहितीचा स्रोत लिहायचा होता. सरांनी वर्गात सांगून ठेवलं होतं की घरच्यांची नावं नकोत, स्रोत म्हणजे पुस्तक किंवा इंटरनेट. मी लिहिलं, इंटरनेट.

फाईल घरी आणली तेव्हा तू हात धुऊन, पदराला पुसून ती मांडीवर घेतलीस. आकृत्या बघितल्यास. मग विचारलंस, "माजं नाव हाय का यात?"

मी हो म्हणाले.

"कुटं?"

मी तुझं बोट धरलं आणि त्या ओळीवर ठेवलं. इंटरनेटवर. तू ते बोट थोडा वेळ तिथंच ठेवलंस. म्हणालीस, "बारीक लिवलंयस गं." आणि फाईल बंद करून मला परत दिलीस.

ज्यांनी तुझं पाणी ओतलं त्यांच्यावर मी चिडले आहे, ज्यांना फक्त आरसा आठवला त्यांच्यावरही. पण त्यांनी तुझं बोट धरून तुला खोटं दाखवलं नव्हतं.

ते दहा दिवस मी टबापाशी काढले. रोज पाव पाणी काढायचं, पिंपातलं दोन दिवस ठेवलेलं घालायचं, जेवढं काढलं तेवढ्याचं मीठ. पिंपं मी त्याच संध्याकाळी परत भरली होती. पहिले दोन दिवस पिंपातलं पाणी कच्चं होतं म्हणून काचेच्या टाकीतलंच वापरलं. चौथ्या दिवशी ठिपके पुन्हा दिसले, शेपटीवर सात-आठ.  तू असतीस तर म्हणाली असतीस, आता खाली पडतील, घाबरू नको. तू नव्हतीस, म्हणून मी घाबरले. सहाव्या दिवशी गेले.

टाकीच्या हवेच्या पंपावरून बाबांचं आणि माझं चाललं होतं. तुला न्यायच्या आधी त्यांनी स्वतः तो बंद केला होता. मी चालू करायचे, ते बंद करायचे. "तो आवाज नको," एवढंच म्हणायचे. मला वाटलं, त्यांनाही लोकांसारखंच वाटतंय, मयताच्या घरात हे बुडबुड काय. मी त्यांच्यावरही धुमसत होते. मासे पृष्ठभागाला येऊन श्वास घेताहेत हे त्यांना दिसत नाही का? मी पंप चालू करून त्यावर उशी ठेवायला लागले.

दहाव्याला पुरुष नदीवर गेले आणि बायकांनी घर धुवायला काढलं. काकू पदर खोचून पुढच्या खोलीत आली. हातात बादली, तारेची घासणी, साबणाचा डबा. ती टाकीपाशी स्टुलावर चढली. ही आता रिकामी करून घासू, दहा दिसांचं सुतकातलं पानी हाय, असं म्हणत तिनं मग आत घातला.

मी म्हणाले, "काकू, त्याला हात नाय लावायचा."

आवाज माझाच होता, पण इतका मोठा की मागच्या पडवीतलं घासणं थांबलं.

"घर शुद्ध नको व्हायला?" काकू म्हणाली. "का कॉलेजात आसंच शिकवतात गं?"

"कॉलेजात नाय शिकवलं. आत्यानं शिकवलंय." मी टाकीची कड धरली. "सगळं पानी काडायचं नसतं, चौथाई काडायचं. स्पंज नळाखाली धरायचा नाय, काडलेल्या पान्यातच पिळायचा. साबन तर लावायचाच नाय. सगळं धुतलंस तर उद्या सगळे वर येतील. तिचा एक असाच गेला व्हता, तिनंच सांगितलंय."

काकूनं हात पाण्यातून काढला. मग म्हणाली, "मंदाला येवडं म्हाईत व्हतं?"

आत्या, तुझं घर आणि तिचं घर यांच्यामध्ये एक भिंत आहे. तिच्या डोळ्यांसमोर तू इतकी वर्षं पिंपं भरलीस. माणसं पिशव्या घेऊन तुझ्या दारात उभी राहायची. आणि तिनं हे आज विचारलं. मला ओरडावंसं वाटलं. पण काकूनं घासणी खाली टाकली आणि म्हणाली, "मंग चौथाई म्हंजे कुटपर्यंत? बोट ठेव."

मी काचेवर बोट ठेवलं. तिनं तेवढंच काढलं, एक मगही जास्त नाही. गोमूत्र शिंपडायचं राहिलं म्हणून तिचा जीव चुळबुळत होता. शेवटी तिनं काचेच्या बाहेरून शिंपडलं.

नदीवरून पुरुष परत आले ते समाधानानं. पिंडाला कावळा लगेच शिवला होता. मंदाची काही इच्छा राहिली नव्हती, असं सगळे एकमेकांना सांगत होते. मी ते ऐकून मोरीत जाऊन तोंड धुतलं. कावळ्याला भूक लागली होती, बाकी काही नाही. तुझ्या इच्छा मला माहीत आहेत. तुला चार टाक्या हव्या होत्या, त्यांतली एक फक्त आजाऱ्यांसाठी. तुला बाटलीवरची अक्षरं स्वतः वाचायची होती. मी म्हणायचे, परीक्षा झाली की शिकवते. दोन परीक्षा झाल्या. एकदा तू स्वतःच पाटी आणलीस, ती अजून पिंपामागे आहे, कोरी. आणि म्हणे काही इच्छा राहिली नव्हती.

त्या संध्याकाळी बाबा टाकीसमोर बसले होते. बराच वेळ. मग उठून त्यांनी पंपावरची उशी काढली.  ते म्हणाले, "ती गेली तवापासून हा आवाज आला की वाटायचं, मागं ती हाय." आणि पंप चालूच ठेवला. त्या दहा दिवसांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, का नको म्हणून. हाही राग मी फुकटच धरून बसले होते.

परवा कॉलेजात गेले. सरांकडे फाईल मागितली. ते म्हणाले, मार्क लागलेत, आता कशाला. मी म्हणाले, एक चूक राहिली आहे. त्यांच्यासमोर शेवटच्या पानावरची ती ओळ खोडली आणि पेनानं तुझं नाव लिहिलं. सरांनी वाचलं. "या कोण? कुठे असतात?" मी सांगितलं, माझी आत्या, आमच्याच घरी असायची. सर म्हणाले की असं चालत नाही खरं तर. मी म्हणाले, चालायला पाहिजे. मग मला स्वतःचीच भीती वाटली आणि मी सॉरी म्हणून बाहेर आले. पण खोडलेलं खोडलेलं राहिलं.

वैशाली वहिनी दहाव्या दिवशीच विचारायला आली होती. मी म्हणाले, अजून तीन दिवस, मिठाचं पाणी हळूहळू साधं करायचंय. ती वैतागली. "तू पन तिच्यावानीच गं." आज ती मासा घेऊन गेली. पिशवीत तो वळून वळून बघत होता, म्हणजे मला तसं वाटलं, तू म्हणाली असतीस भूक लागली असेल. दारात थांबून तिनं विचारलं, परत काही झालं तर आता कोणाकडे आणू?

 मी म्हणाले, "इथंच आण."

ती गेल्यावर मी गेटाला लावून उरलेला पांढरा ऑईलपेंट काढला आणि ब्रश घेऊन मागच्या पडवीत बसले. दोन्ही पिंपांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. आई तांदूळ निवडत होती, ती उठून आली. तिलाही वाचता येत नाही. काय लिवलंस, तिनं विचारलं.

मी तिचं बोट धरलं. रंग ओला होता, म्हणून बोट अक्षरांच्या खाली धरून, अलगद पुढे नेलं. मंदाचं पाणी. ओतू नये.

"मंदा कुटं?" आईनं विचारलं.

मी बोट परत मागे आणलं आणि पहिल्या शब्दाखाली ठेवलं. या वेळी बरोबर.